उन्हाळी वर्गातला आशिया

अमेरिकेतील शाळांना जूनमध्ये सुट्टी लागते, तेव्हा काही शिक्षक पुन्हा विद्यार्थी होतात. एखाद्या विद्यापीठाच्या वसतिगृहात ते उतरतात, सकाळी प्राध्यापकासमोर बसून एखादा ग्रंथ वाचतात, दुपारी ग्रंथालयात जातात. हा ग्रंथ कधी तांग काळातील कवींचा असतो, कधी जपानी प्रवासवर्णन, कधी रामायणाची एखादी परंपरा. मानव्यविद्यांसाठी १९६५ साली स्थापन झालेल्या 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज' या संघीय संस्थेने १९८३ पासून शालेय शिक्षकांसाठी अशी उन्हाळी चर्चासत्रे सुरू केली. पंधरा-सोळा शिक्षक, एक जाणकार, काही आठवडे आणि शिक्षकाच्या हाती विद्यावेतन, असे त्यांचे साधे रूप होते. फळ्यावर कसे लिहावे, प्रश्न कसे विचारावेत, हे तेथे शिकवायचे नाही. शिक्षकाने ग्रंथ वाचायचा. तो वर्गात कसा न्यायचा हे त्याचे त्याला कळते, ही त्यामागची भूमिका.

आमच्या वाचकांपैकी जे महाविद्यालयांत शिकवतात त्यांना या ठिकाणी आपले एकवीस दिवसांचे उजळणी वर्ग आठवतील. १९८६ नंतर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली ती याच हेतूने. पण पदोन्नतीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राने तो हेतू किती लवकर झाकून टाकला, हे हजेरीपटावर सही करून चहाच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. असो.

शाळामास्तरांना आशिया शिकवावा असे अमेरिकेला का वाटले? जिज्ञासा हे उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुट्निक आकाशात गेला आणि वर्षभराच्या आत, १९५८ साली, अमेरिकेत 'नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अॅक्ट' मंजूर झाला. परकीय भाषा आणि प्रदेश-अभ्यास यांसाठी सरकारी पैसा आला तो 'संरक्षण' या शब्दाचा हात धरून. याच्या आधीपासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विल्यम थिओडोर डी बॅरी वेगळ्या वाटेने चालले होते. पाश्चात्त्य अभिजात ग्रंथांचा जो सामायिक अभ्यासक्रम तेथे होता, त्याच्या तोडीचा पौर्वात्य ग्रंथांचा अभ्यासक्रम १९४९ पासून त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला. त्या वर्गांसाठी साधनग्रंथ हवे होते, म्हणून भारत, चीन आणि जपान यांच्या परंपरांचे जाडजूड संकलनग्रंथ निघाले. त्यांपैकी भारतावरचा 'सोर्सेस ऑफ इंडियन ट्रॅडिशन' १९५८ सालचा. पुढे कित्येक दशके उन्हाळी वर्गात येणाऱ्या शिक्षकाच्या हाती भारत पडला तो बहुधा या किंवा अशाच एखाद्या संकलनातून.

मराठी वाचकाला खरे कुतूहल वाटेल ते पुढच्या गोष्टीचे. पहिल्या आवृत्तीतील आधुनिक विभागात महाराष्ट्र आहे, चांगला ठळक आहे: रानडे, गोखले, टिळक. जोतीराव फुले नाहीत. हा कट नव्हता. त्या काळी इंग्रजीत जे सहज हाती येत होते, काँग्रेसच्या इतिहासात ज्यांना आधीच स्थान मिळाले होते, ते संकलनात आले. फुल्यांनी 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांच्या नावे १८७३ साली लिहिली होती. त्याच अमेरिकेतील शिक्षकाच्या हातातील पुस्तकात मात्र ते नव्हते. २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत फुले आहेत, आंबेडकर आहेत. मधल्या छप्पन्न वर्षांत एलिनॉर झेलियट यांच्यासारख्या अभ्यासकांनी दलित चळवळीवर आणि दलित साहित्यावर काम केले नसते, तर हे घडले असते असे आम्हांस वाटत नाही. संकलनाची अनुक्रमणिका बदलायला आधी प्रबंध लागतो, भाषांतर लागते, आणि ते भाषांतर स्वस्त आवृत्तीत मिळावे लागते.

स्वस्त आवृत्तीचा हा मुद्दा किरकोळ नाही. उन्हाळ्यात शिक्षक पाचशे पाने वाचतो; वर्गात मात्र जागतिक इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात भारताच्या वाट्याला मोजकेच तास येतात. त्या पाचशे पानांतून शेवटी उरतो एक पाठ, सोबत दोन पानांचा उतारा. त्या दोन पानांत काय बसते? ए. के. रामानुजन यांनी कन्नड वचनांचे केलेले भाषांतर १९७३ साली पेंग्विनने काढले, आणि भक्तिकाव्य म्हटले की बसवण्णा, महादेवी अक्का ही नावे इंग्रजी वाचकासमोर येऊ लागली. तुकाराम इंग्रजीत नव्हता असे नाही. फ्रेझर आणि मराठे यांचे तीन खंड १९०९ ते १९१५ या काळातच मद्रासहून निघाले होते. पण ते कपाटात राहिले. वर्गात नेण्याजोगा तुकाराम दिलीप चित्र्यांनी दिला, तो १९९१ साली. अठरा वर्षांचे हे अंतर काव्यगुणांचे नाही.

पुढे आशियाचा नकाशाही आखडला. १९९८ साली शालेय शिक्षकांसाठी जी मोठी राष्ट्रीय योजना अनेक विद्यापीठांनी मिळून सुरू केली, तिला पैसा फ्रीमन फाउंडेशनचा होता, आणि तिच्या नावात 'आशिया' असला तरी अभ्यासविषय पूर्व आशिया होता: चीन, जपान, कोरिया. ज्यांच्या स्मरणार्थ ते प्रतिष्ठान निघाले त्या मॅन्सफील्ड फ्रीमन यांचा विमा व्यवसाय शांघायमध्ये वाढला होता आणि चिनी तत्त्वज्ञान हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. देणगीदाराचे प्रेम जेथे, तेथे अभ्यासक्रम. त्यात तक्रार करण्यासारखे फारसे नाही. सरकारी पैशाचे भवितव्यही काही अधिक भरवशाचे ठरले नाही. एप्रिल २०२५ मध्ये मानव्यविद्यांच्या त्या संघीय संस्थेची आधीच मंजूर झालेली अनेक अनुदाने रद्द करण्यात आली.

हे सारे परक्या घरचे म्हणून सोडून देता येत नाही, कारण आमचा आशियाही त्याच घरातून येतो. मराठीत हायकू रुजवला शिरीष पै यांनी, आणि त्याला वाचकही मिळाले. पण आपल्या साहित्याच्या विद्यार्थ्याला बाशोकडे जायचे झाले, तर तो कोणत्या दाराने जातो? डोनाल्ड कीन यांचे १९५५ चे जपानी साहित्याचे संकलन, नाहीतर पेंग्विनचे एखादे भाषांतर. म्हणजे इंग्रजी वाचकासाठी, बव्हंशी अमेरिकेतील वर्गासाठी, जे निवडले गेले, तेच पुण्या-कोल्हापुरातही जपान म्हणून पोचते. जपानी थेट शिकून मराठीत आणणारे आहेत, पण त्यांची पुस्तके साहित्याच्या अभ्यासक्रमात क्वचित दिसतात.

आमच्याकडे या वाटेने कोणी गेलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोव्याचे धर्मानंद कोसंबी पालीसाठी सिंहलद्वीपाला गेले, पुढे हार्वर्डला गेले, आणि बुद्धाविषयी मराठीत लिहीत राहिले. पुण्याचे पु. वि. बापट पालीबरोबर चिनीही शिकले. विनयपिटकावरील अट्ठकथेच्या चिनी रूपाचे भाषांतर त्यांनी हिराकावा या जपानी विद्वानाच्या सहकार्याने केले, ते भांडारकर संस्थेने १९७० साली प्रसिद्ध केले. एक मराठी माणूस, एक जपानी माणूस, चिनी ग्रंथ, आणि प्रकाशन पुण्याचे. भाषांतर इंग्रजीत आहे.