लोकलचा नाद : कर्षण मोटर व इन्व्हर्टर (पनवेल–हार्बर मार्ग)

विजेवर चालणारी गाडी सुटताना, वेग घेताना आणि थांबताना तिच्या मोटरी, दंतचक्रे आणि विद्युत् नियंत्रक यांतून निघणारा आवाज. भोंगा, रुळांचा खडखडाट किंवा फलाटावरची उद्घोषणा यात धरत नाहीत. हा आवाज कोणी मुद्दाम काढलेला नसतो. मोटरीला वीज ज्या रीतीने पुरवली जाते, तिच्यामागून तो आपोआप येतो. त्यामुळे पुरवठ्याची रीत बदलली की आवाजही बदलतो आणि जाणता कान डोळे मिटूनही गाडीची पिढी ओळखतो. पनवेल स्थानक अशा ऐकण्यासाठी सोयीचे आहे. हार्बर आणि ट्रान्सहार्बर लोकलचे हे शेवटचे स्थानक. कोकणात जाणाऱ्या एक्स्प्रेस गाड्या येथे थांबतात, कर्जतमार्गे पुण्याकडे जाणारा फाटा येथूनच निघतो आणि न्हावाशेवा बंदराच्या कंटेनर गाड्याही येथून जातात. बहुतेक पिढ्यांची यंत्रे एकाच जागी ऐकायला मिळतात.

उगम

आजच्या लोकलला तीन फेजची इंडक्शन मोटर असते. तिचा वेग पुरवठ्याच्या वारंवारतेवर ठरतो. चार ध्रुवांची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला साधारण १,५०० फेरे घेते, त्यात थोडी घसर (स्लिप) धरायची. उभी गाडी हलवायची तर वारंवारता जवळजवळ शून्यापासून वर न्यावी लागते. डोक्यावरच्या तारेतली २५,००० व्होल्टची वीज मात्र सदैव ५० हर्ट्झचीच असते. म्हणून ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, कन्व्हर्टर त्या विजेची डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करतो आणि इन्व्हर्टर त्या डीसीतून हवी ती वारंवारता घडवतो.

इन्व्हर्टरला गुळगुळीत लहर काढता येत नाही. त्याला दोनच गोष्टी येतात, चालू आणि बंद. सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करून तो विजेचे रुंद-अरुंद ठोके देतो आणि त्यांच्या सरासरीतून लहर उभी राहते. ठोक्यांच्या या गतीला वाहक वारंवारता म्हणतात. मोटरीतल्या प्रवाहात या ठोक्यांची बारीक थरथर शिल्लक राहते. त्या थरथरीने चुंबकीय ओढ कमी-जास्त होते, स्टेटरचे पोलादी कडे अगदी सूक्ष्म प्रमाणात आत-बाहेर होते आणि भोवतालची हवा हलते. आपल्या कानावर येतो तो हा आवाज.

वाहक वारंवारता १,००० हर्ट्झ आणि मोटरीची १० हर्ट्झ धरली, तर आवाज ९७०, ९९०, १,०१० आणि १,०३० हर्ट्झ अशा जवळजवळच्या स्वरांत निघतो आणि वर २,००० हर्ट्झचा एक स्थिर स्वर असतो. मोटर ४० हर्ट्झवर गेली की तेच स्वर ८८०, ९६०, १,०४० आणि १,१२० असे पांगतात. २,००० चा स्वर मात्र जागचा हलत नाही. गाडी सुटताना एक सूर धरून ठेवल्यासारखा वाटतो आणि त्याच्या आजूबाजूला काहीतरी फाकत जाते, त्यामागे हे गणित आहे.

वेग वाढल्यावर बरेच इन्व्हर्टर दुसरी रीत धरतात. ठोक्यांची संख्या मोटरीच्या प्रत्येक आवर्तनाशी बांधली जाते. आवर्तनामागे नऊ ठोके असतील तर ६० हर्ट्झला ५४० ची गती होते. वेगाबरोबर स्वर चढत जातो. पुढे नऊचे पाच केले की ५४० वरून एकदम ३०० वर उतरतो आणि तेथून पुन्हा चढू लागतो. प्रवाशाला वाटते गाडीने गिअर बदलला. लोकलला गिअर बदलण्याची सोयच नसते. एक पिनियन आणि एक मोठे चक्र, एवढीच कायमची जोडी असते.

त्या जोडीचा आवाज वेगळा. पिनियनला वीस दाते आणि मोटरीचे मिनिटाला १,५०० फेरे असतील, तर सेकंदाला ५०० वेळा दात दातावर येतो. हा स्वर वेगाच्या सरळ प्रमाणात चढतो, कधी उडी घेत नाही. जुन्या-नव्या सगळ्याच गाड्यांत तो असतो. भर वेगात बाकीचे सूर मागे पडले तरी हा टिकून राहतो.

डीसी काळ

भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली, तीही हार्बर मार्गानेच. तेव्हा तारेत १,५०० व्होल्ट डीसी होती. हार्बर लोकल १९९२ मध्ये खाडी ओलांडून वाशीला आणि १९९८ मध्ये पनवेलला पोहोचली. नवी मुंबईचे उपनगर नवे, गाड्या मात्र जुन्या धाटणीच्या.

त्या गाड्यांत इन्व्हर्टर नव्हता. मोटरी डीसी सिरीज जातीच्या होत्या आणि प्रवाह आवरायला रेझिस्टन्स जोडलेले असत. मोटरमन हँडल शंट, सिरीज, पॅरलल आणि वीक फील्ड अशा नॉचवर नेई. मधल्या पायऱ्या कॅमशाफ्ट आपोआप चढे आणि एकेक रेझिस्टन्स गाळून टाकी. प्रत्येक पायरीला पायाखालून ‘खट्’ असा आवाज येई आणि पाठोपाठ बारीक हिसका बसे. प्रवाह ठरलेल्या मर्यादेखाली उतरल्याशिवाय पुढची पायरी येत नसे. भरलेली गाडी वेग उशिरा घेते, तिचा प्रवाह उशिरा उतरतो, म्हणून गर्दीच्या वेळी खटक्यांमधले अंतर वाढे. दुपारची रिकामी गाडी भराभर खटके देत निघून जाई. डब्यात किती माणसे आहेत हे न बघता सांगणारी ही खूण आजच्या गाड्यांत उरलेली नाही, आणि प्रस्तुत नोंदकर्त्याला तिची उणीव भासते.

९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बरवरची शेवटची डीसी लोकल कुर्ल्याहून सीएसटीला (पूर्वीच्या व्हिक्टोरिया टर्मिनसला) गेली. पश्चिम रेल्वेवर डीसीकडून २५,००० व्होल्ट एसीकडे जाण्याचे हे स्थित्यंतर २०१२ मध्येच पुरे झाले होते. देशात मुख्य रेल्वेवर डीसी जिथे सुरू झाली, त्याच मार्गावर ती संपली. समारंभ झाला, छायाचित्रे निघाली. त्या खटक्यांचे पद्धतशीर ध्वनिमुद्रण करून ठेवावे असे मात्र फारसे कोणाला सुचले नाही. आपल्याकडे जुनी इंजिने रंगवून चौथऱ्यावर उभी करतात, त्यांचा आवाज कोणी जपत नाही.

सीमेन्स आणि पुढचे

नोव्हेंबर २००७ मध्ये पश्चिम रेल्वेवर पांढऱ्या-जांभळ्या लोकल आल्या. डबे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे, विद्युत् यंत्रणा सीमेन्सची. तीन फेजच्या मोटरी, आयजीबीटी नावाच्या स्विचांचे इन्व्हर्टर, आणि डीसी व एसी दोन्हींवर धावण्याची सोय. पश्चिमेवर २०१५ पासून बंबार्डियरच्या गाड्या येऊ लागल्या तशा सीमेन्सच्या गाड्या हार्बर मार्ग चालवणाऱ्या मध्य रेल्वेकडे वळवण्यात आल्या आणि पनवेलकरांच्या कानाला खटक्यांऐवजी सुराची सवय झाली. हैदराबादच्या मेधा कंपनीची देशी यंत्रणा असलेली लोकल २०१७ मध्ये रुळावर आली. बनावट बदलली की ठोक्यांचा आराखडा बदलतो. म्हणून एकाच मापाच्या, एकाच कारखान्यातल्या डब्यांचा आवाज सारखा नसतो.

ऐकायचे असेल तर जागा नीट निवडावी. बारा डब्यांच्या गाडीत मोटरी मोजक्या डब्यांनाच असतात. छपरावर पेंटोग्राफ दिसला की तो मोटर कोच समजावा. बाकीचे डबे ओढले जातात. गाडी हलण्याआधी क्षणभर फरशीतून बारीक गुणगुण येते, मग ब्रेक सुटल्याचा ‘सुस्स’ आणि मग सूर. पनवेलहून खांदेश्वरकडे निघताना गाडी बहुधा मोकळी असते आणि बोलण्याचा गलबला नसतो. डब्यात वजन वाढले की यंत्रणा मोटरींना जास्त प्रवाह देते, म्हणून तीच गाडी कुर्ल्याला भरून निघाली की सूर अधिक ठसठशीत होतो. तो ऐकायला तेव्हा कोणाला फुरसत नसते, ही गोष्ट वेगळी.

थांबताना सगळा क्रम उलटा होतो. मोटरी जनित्र बनतात, वीज तारेत परत जाते आणि चढलेले सूर त्याच पायऱ्यांनी उतरतात. अगदी शेवटी, गाडी चालण्याच्या वेगाला आली की सूर तुटतो आणि हवेच्या ब्रेकची घासण ऐकू येते.

इंजिने

मुंबईच्या लोकलने एक अख्खी पिढी बव्हंशी ओलांडली, ती जीटीओ थायरिस्टर या जुन्या स्विचची. आयजीबीटी नुसत्या व्होल्टेजच्या इशाऱ्यावर बंद होते. जीटीओ बंद करायला उलटा मोठा प्रवाह द्यावा लागतो, त्यात उष्णता होते, म्हणून ती सेकंदाला काहीशे वेळांपलीकडे चालू-बंद करता येत नाही. काहीशे हर्ट्झ म्हणजे ऐन माणसाच्या आवाजाचा पट्टा. गाड्या ‘गातात’ असे जगभर म्हटले जाते ते मुख्यतः या पिढीबद्दल. आपल्याकडे ती इंजिनांतून आली. १९९० च्या दशकात एबीबीच्या तंत्रज्ञानावर डब्ल्यूएपी-५ आणि डब्ल्यूएजी-९ आली, पुढे चित्तरंजनला डब्ल्यूएपी-७ झाले. नंतरच्या इंजिनांत आयजीबीटी बसू लागली. पनवेलला कंटेनर गाडीच्या पुढे असलेले डब्ल्यूएजी-९ सुटताना काय आवाज काढते, त्यावरून ते जुने की नवे याचा अंदाज करता येतो. उभ्या इंजिनाची प्रचंड घरघर मात्र मोटरींची नसते, ती थंड करणाऱ्या ब्लोअरची असते.

कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरे झाले. त्याआधी पनवेलहून दक्षिणेकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना डिझेल इंजिन असे. त्या इंजिनांतही चाके फिरवत होत्या विजेच्याच मोटरी. डिझेलच्या धडधडीपुढे त्या कोणाला ऐकू आल्या नाहीत, एवढेच.

आवाजासाठी लक्षात राहिलेले एक जुने इंजिन शेजारच्या घाटातले आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२८ च्या सुमारास मालगाड्यांसाठी आणलेले, पुढे डब्ल्यूसीजी-१ म्हणून ओळखले गेलेले स्विस धाटणीचे इंजिन रेल्वेत ‘खेकडा’ म्हणून प्रसिद्ध होते. उभे असताना ते कण्हत असे आणि चालताना त्याचे जोडदांडे विचित्र हलत. यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ते आता अर्थातच कण्हत नाही.

अन्यत्र

आवाज टाळता येत नाही तर तो सुरेल करावा, हा विचार सीमेन्सच्या अभियंत्यांनी प्रत्यक्षात आणला. टोकियोजवळच्या केइक्यू रेल्वेच्या १९९८ मधल्या २१०० मालिकेच्या गाड्या सुटताना स्वरसप्तकासारख्या पायऱ्या चढत. जपानी प्रवाशांनी त्यांचे लाडाने कौतुक केले. जुने इन्व्हर्टर बदलत गेले आणि २०२१ मध्ये त्या कंपनीची शेवटची गाती गाडी गप्प झाली. ऑस्ट्रियाच्या टॉरस इंजिनांचीही अशीच ख्याती आहे. आपल्या लोकलच्या सुरात अशी योजना शोधू नये. तिथे जे काही ‘सा’पासून वर गेल्यासारखे वाटते, ते ठोक्यांचे गणित आणि ऐकणाऱ्याची हौस.

गल्लत होणारे आवाज

थांबलेल्या लोकलखालची धडधड हवेच्या कॉम्प्रेसरची असते. सीमेन्सच्या गाड्यांत छतातून येणारा झोत आणि त्याची घरघर हवा खेळवणाऱ्या पंख्यांची. २५,००० व्होल्टवर ट्रान्सफॉर्मरचा गाभा ५० च्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झने गुणगुणतो. हा जाड, एकसुरी आवाज गाडी उभी असली तरी चालूच असतो. एसीबरोबर आणखी एक गोष्ट आली, न्यूट्रल सेक्शन. दोन सबस्टेशनच्या वेगळ्या फेजमध्ये तारेचा छोटा मृत तुकडा ठेवलेला असतो. त्याखालून जाताना मोटरींचा पुरवठा तुटतो आणि काही सेकंद नुसती चाके ऐकू येतात. डीसीच्या काळात या मार्गावर अशी शांतता नव्हती. गाडीत बिघाड झाला असे समजून नवखा प्रवासी अशा वेळी वर दिव्यांकडे पाहतो.

सद्यःस्थिती

मध्य रेल्वेची पहिली वातानुकूलित लोकल जानेवारी २०२० मध्ये ट्रान्सहार्बर मार्गावर सुरू झाली. बंद दारे-खिडक्यांमुळे मोटरींचा आवाज आत फार कमी येतो, त्याची जागा वातानुकूलनाने घेतली आहे. बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या चिनी बनावटीच्या गाड्यांची सुरुवात हार्बर लोकलहून सौम्य आहे. सिलिकॉन कार्बाइडची नवी स्विचे आयजीबीटीहून वेगाने चालू-बंद होतात. ठोके जितके दाट तितकी प्रवाहातली थरथर कमी, आणि वाहक वारंवारता जितकी वर तितकी ती कानाच्या टप्प्याबाहेर.

कारशेडमध्ये मात्र आवाजाचे महत्त्व अजून कायम आहे. सानपाडा किंवा कुर्ल्याच्या शेडमधला अनुभवी फिटर ‘बेअरिंग वाजतंय’ म्हणाला की ते सहसा खरे निघते. दंतचक्राची सरळ चढणारी शीळ मध्येच खरखरली तर दाते झिजल्याचा संशय येतो, आणि फेऱ्यागणिक ठरावीक अंतराने टकटक आली तर एखादा दात दुखावलेला असतो. अशी मोटर उतरवून दुरुस्तीला धाडली जाते. मध्य रेल्वेचा त्यासाठीचा खास कारखाना नाशिक रोडला आहे.