दान आणि प्रतिग्रह : कसब्यांतील एका हौदावरून

पुण्याच्या कसबा पेठेंत 'फडके हौद' हें नांव दिवसांतून शेंकडों वेळां उच्चारलें जातें. रिक्षावाला तें उच्चारतो, पत्ता विचारणारा उच्चारतो, दुकानांच्या पाट्यांवर तें लिहिलेलें असतें. मात्र त्या नांवाचा उच्चार करणाऱ्यांपैकीं पाण्याची घागर काखेस मारून तिकडे निघालेला असा एकहि आढळावयाचा नाहीं. पेशव्यांचे सेनापति हरिपंत फडके यांच्या घराण्याचें नांव ह्या हौदास लाभलें, हौदाचें चौकास लाभलें, आणि आतां पाण्यावांचूनच तें नांव वाहत आहे. दाता कोण हें लोकांच्या तोंडीं राहिलें. दान कशाचें होतें हेंहि नांवावरून कळतें. परंतु तें दान घेतलें कोणीं, ह्या प्रश्नाचें उत्तर पाटीवर नाहीं, आणि तोच प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा आहे. कारण शहरास कोणी कांहीं देऊं लागला, तर शहराच्या वतीनें हात पुढें कोणीं करावा, कोणत्या अटीवर करावा, आणि केव्हां तो मागें घ्यावा, ह्याचा विचार आमच्याकडे दात्यांच्या स्तुतीइतका कधींच झालेला नाहीं.

आमच्या धर्मशास्त्रानें दानाचा विचार मोठ्या बारकाईनें केला आहे. नीलकंठ भट्टानें सतराव्या शतकांत रचलेल्या 'भगवंतभास्करा'चे बारा मयूख आहेत. त्यांत दानावर एक आणि उत्सर्गावर एक असे दोन स्वतंत्र मयूख आहेत, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनींहि आपल्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासां'त हा भेद विशद केला आहे. दानास दोन पक्ष लागतात. एकानें आपलें स्वत्व सोडावयाचें आणि दुसऱ्यानें तें स्वीकारावयाचें; ह्या स्वीकारास 'प्रतिग्रह' म्हणतात. उत्सर्गाची गोष्ट निराळी. विहीर, तळें, बाग हीं सर्व भूतांच्या उपयोगासाठीं सोडावयाचीं असतात. तेथें प्रतिग्रह करणारा कोणी एक नसतो. एकदां उत्सर्ग झाला म्हणजे तळें खणणाराहि त्याचा धनी उरत नाहीं. इतरांबरोबर, इतरांइतकेंच पाणी त्यानें घ्यावें, एवढाच त्याचा अधिकार.

कल्पना मोठी उदात्त आहे. परंतु तिच्यांत एक उणीव आहे, आणि ती पुण्याच्या पाण्याच्या इतिहासांत स्पष्ट दिसते. जें सर्वांचें, त्याचा गाळ काढावयाचा कोणीं? नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रज येथें तलाव बांधवून तेथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून बांधीव नळ आणविला. वाटेंत त्यास उसासे ठेविले आणि पेठांपेठांतून हौद भरूं लागले. पुढें नाना फडणीस, रास्ते वगैरे मंडळींनींहि आपापले नळ व हौद बांधिले. जोंवर वाड्यांत सत्ता होती, तोंवर नळाची डागडुजी वाड्याच्या खर्चानें होत असे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. दाता गेला आणि प्रतिग्रह करणारा तर पहिल्यापासूनच नव्हता. १८५० च्या कायद्यान्वयें १८५७ सालीं पुण्यांत नगरपालिका स्थापन झाली, तेव्हां ह्या अनाथ दानांस प्रथमच एक पालक मिळाला. पुढें १९०१ च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्यानें ही गोष्ट स्वच्छ शब्दांत नमूद केली. सार्वजनिक तळीं, विहिरी, हौद, नळ, तसेंच लोकोपयोगासाठीं बक्षीस म्हणून मिळालेल्या जमिनी ह्या नगरपालिकेच्या मालकीच्या, असें त्यांत ठरलें. शास्त्रांतील उत्सर्गास कायद्यानें प्रतिग्रहाची जोड दिली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ही जोड फुकटची नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतराच्या कायद्यांत बक्षिसाविषयीं दोन नियम आहेत, ते प्रत्येक नगरसेवकानें पाठ करावेत अशा योग्यतेचे आहेत. पहिला असा कीं, घेणाऱ्यानें दात्याच्या हयातींत स्वीकार केल्याखेरीज बक्षीस पुरें होत नाहीं. दुसरा असा कीं, एकाच दानांत लाभ आणि भार एकत्र आले असतील, तर लाभ तेवढा उचलून भार दात्याच्या दारांत टाकून येतां येत नाहीं. घ्यावयाचें तर दोन्ही घ्यावें. हौदाचें पाणी घेतलें म्हणजे हौदाचा गाळहि घेतला. शहरें ही गोष्ट विसरतात, आणि मग दान देणाऱ्याच्या नांवाची पाटी मात्र चकचकीत राहून तिच्यामागची वास्तु ढासळूं लागते.

दान सशर्त असलें तर काय होतें, ह्याचें एक सुरेख उदाहरण मुंबईचें आहे. माहीम आणि वांद्रें यांच्यामधील खाडीवर रस्ता बांधण्यासाठीं सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनीं सुमारें १,५७,००० रुपये दिले. परंतु जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून जकात घ्यावयाची नाहीं, ही अट त्यांनीं घातली. सरकारनें ती मान्य केली आणि १८४५ सालीं तो रस्ता खुला झाला. ह्या दानांत पैशाइतकीच अट मोलाची होती, हें आम्हांस विशेष वाटतें. आवाबाईंनीं नुसता रस्ता दिला नाहीं. तो कोणासाठीं आहे हें ठरवून दिलें. ज्याच्या गांठीं जकातीचा पैसा नाहीं, त्याचाहि तो रस्ता.

ह्याच जमशेटजींच्या औदार्यानें पुण्यास १८५० च्या सुमारास मुळामुठेवरील बंधारा मिळाला. त्या वेळीं शहराच्या वतीनें आभार मानावयास देखील नगरपालिका अस्तित्वांत नव्हती. पुढें १८६९ सालीं काम सुरू झालेल्या खडकवासल्याच्या धरणाचें पाणी शहरास मिळूं लागलें आणि बंधाऱ्याच्या पाण्याची गरज मागें पडली. आज त्याचें स्मरण 'बंडगार्डन' ह्या इंग्रजी नांवांत आहे, परंतु दात्याचें नांव त्यांत नाहीं. फडक्यांचें नांव राहून पाणी गेलें. येथें बंधारा राहून नांव गेलें. दोहोंपैकीं दात्यास कोणतें अधिक रुचलें असतें, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां मूळ प्रश्नाच्या गाभ्याकडे वळूं. सर्व भूतांसाठीं सोडलेल्या पाण्यावर सर्व मनुष्यें तरी जात होतीं काय? ह्याचें उत्तर देतांना मान खालीं घालावी लागते. ज्या शास्त्रानें पशुपक्ष्यांसही तळ्याचे वाटेकरी केलें, त्याच शास्त्राच्या छायेंत वाढलेल्या समाजानें अस्पृश्य मानलेल्या माणसांस हौदाच्या कांठावर चढूं दिलें नाहीं. १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं गंज पेठेंतील आपल्या घराचा हौद ह्या लोकांस खुला केला. हिशेबाच्या दृष्टीनें पाहिलें तर कात्रजच्या नळापुढें एका घरचा हौद म्हणजे कांहींच नव्हे. पण पुण्याच्या पाण्याच्या इतिहासांत उत्सर्ग हा शब्द त्याच्या पुऱ्या अर्थानें कोणत्या दानास लावावा असें कोणी विचारील, तर आम्ही ह्या लहानशा हौदाकडे बोट दाखवूं.

एका गृहस्थानें आपल्या घरापुरतें जें केलें, तें नगरपालिकांकडून करवून घेण्यास पुढें अर्धें शतकाहून अधिक काळ लागला. १९२३ सालीं सी. के. बोले यांच्या ठरावानें मुंबईच्या कायदेमंडळानें सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असें ठरविलें. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं त्यास अनुसरून ठराव केला. कागदावर चवदार तळें खुलें झालें, परंतु पाण्यास कोणी शिवला नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तेव्हां नगरपालिकेनें काय करावें? त्याच वर्षीं ऑगस्टांत तिनें आपला जुना ठराव मागें घेतला. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूनें लागला. तळें नगरपालिकेचें आहे, आणि कांहीं लोकांस दूर ठेवण्याची अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाहीं, असा त्याचा मथितार्थ होता. तळें मूळ कोणीं खणलें हा त्या वादांतील निर्णायक प्रश्न नव्हता. आतां तें कोणाच्या हातीं आहे, आणि तो हात कोणासाठीं पसरलेला आहे, हाच खरा प्रश्न होता. प्रतिग्रह करणारी संस्था सर्वांची असेल, तर तिनें घेतलेलें दान कांहींजणांपुरतें राहूं शकत नाहीं.

पाण्याविषयीं जें खरें, तें मानाविषयींहि खरें आहे. पुण्यांत १८८६ सालीं रे मार्केटाची भव्य इमारत उघडली. तिच्यावर होणाऱ्या मोठ्या खर्चास, त्यापूर्वीं नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनीं विरोध केला होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लागावा असें त्यांचें म्हणणें होतें. १९२४ सालीं त्याच मंडईच्या आवारांत पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्तें लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचें अनावरण झालें. लगेच पुढील वर्षीं केशवराव जेधे यांनीं फुल्यांचा पुतळा उभारण्याचा ठराव नगरपालिकेंत आणला, तो मात्र फेटाळला गेला, आणि त्यावरून शहरांत मोठेंच वादळ उठलें. पुढें आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतांना त्यांच्या पुढाकारानें त्याच बाजारास महात्मा फुल्यांचें नांव मिळालें. ज्यानें त्या इमारतीस विरोध केला त्याचेंच नांव तिला लाभावें, हा इतिहासाचा एक विनोदच होय. परंतु त्या विनोदांत एका शहराची आपली चूक दुरुस्त करण्याची धडपडहि आहे.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो क्षुल्लक नाहीं. नगरपालिकेनें पुढें येईल तें सर्व स्वीकारावें काय? नकार देण्याचा तिला हक्क नाहीं काय? हक्क आहे, किंबहुना तें तिचें कर्तव्य आहे. जागा सर्वांची, खर्च सर्वांचा, तेव्हां चार लोकांच्या हौसेखातर चौकांत कांहींहि उभें करावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु नकाराचें कारण वस्तूंत असावें, मनुष्याच्या जातींत किंवा बहुमताच्या रागांत नसावें. पुतळा वाटेंत येतो म्हणून नाकारणें निराळें, आणि त्या मनुष्यानें आमच्या पूर्वजांस बोल लाविले म्हणून नाकारणें निराळें. १९२५ च्या नकारांत हा दुसरा भाग मोठा होता, असें आमचें मत आहे. म्हणूनच तो नकार टिकला नाहीं.

पुण्याची नगरपालिका १९५० च्या फेब्रुवारींत महानगरपालिका झाली. तिच्या कायद्यांतहि खासगी व्यक्तींकडून मिळालेलीं दानें दात्यानें घातलेल्या अटींच्या अधीन राहून पालिकेच्या निधींत जमा होतात, असें म्हटलें आहे. कायदा उत्तम आहे. परंतु आज पेठांतून हिंडतांना एक नवाच प्रकार दृष्टीस पडतो. बांकडें करदात्यांच्या पैशानें बसविलेलें असतें आणि त्याच्या पाठीवर नांव मात्र नगरसेवकाचें असतें. जें आपलें नव्हे त्याचें दान होऊं शकत नाहीं, हा शास्त्राचा पहिलाच धडा आहे. शहरानें शहरास दिलेल्या वस्तूवर मधल्या हातानें आपलें नांव कोरावें, ह्यास फडक्यांच्या काळीं कोणता शब्द होता तें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु दान हा तो शब्द खास नव्हता.

शेवटीं कसब्याला लागूनच असलेल्या बुधवार पेठेंतील एका वाड्याची आठवण करून हा लेख पुरा करूं. १८४८ सालीं तात्यासाहेब भिडे यांनीं आपल्या वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांस मुलींची शाळा भरवूं दिली. ती देणगी शहराकरितां होती. शहरानें त्या वेळीं ती घेतली नाहीं, उलट शाळेंत जाणाऱ्या सावित्रीबाईंवर चिखल फेकला. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर महानगरपालिकेनें त्या जागेचा ताबा घेतला आणि राष्ट्रीय स्मारकासाठीं जीर्ण वाडा उतरविला. दान आणि प्रतिग्रह यांच्यामध्यें पावणेदोनशें वर्षें गेलीं, आणि हात पुढें आला तेव्हां भिंती उरल्या नव्हत्या. पुढच्या वेळीं कोणी शहरापुढें कांहीं ठेवील, तेव्हां शहरानें इतका उशीर करूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.