ऑर्किडला घरात उजेड पुरतो का? असा मोजा

बेळगाव : नर्सरीतून आणलेलं फुललेलं ऑर्किड दोन-तीन महिने दिमाखात राहतं. मग फुलं गळतात आणि पुढे वर्ष-दोन वर्षं नुसती पानंच. पाणी बदलून बघतो, खत बदलतो, कोळसा बदलतो. बहुतेक घरांत कमी पडतो तो उजेड, आणि तोच कोणी मोजत नाही.

याला कारण आपले डोळे. अंधुक खोलीतही ते जुळवून घेतात. ट्यूबलाइटखाली खोली लख्ख वाटते, पण तिथे जेमतेम 100 ते 300 लक्स उजेड असतो. बाहेर भर दुपारच्या उन्हात तोच आकडा लाखाच्या घरात जातो. घरोघरी दिसणाऱ्या फॅलेनॉप्सिसला साधारण 10 ते 15 हजार लक्स लागतात, कॅटलियाला 20 ते 30 हजार. व्हँडाला त्याहूनही जास्त, म्हणून खोलीत व्हँडा फुलवायचा नाद सोडलेला बरा. काही पुस्तकांत फूट-कँडल हे माप असतं, त्याला 10.76 ने गुणलं की लक्स.

मोजायला लक्स मीटर मिळतो. नसेल तर मोबाईलवरचं लक्स मीटरचं अ‍ॅपही चालतं. अँड्रॉइड फोनचा सेन्सर बहुधा वर, कानाला लावायच्या जागेजवळ असतो. फोन पानाच्या उंचीवर धरायचा आणि स्क्रीन उजेडाकडे करायची. दोन फोनचे आकडे जुळतीलच असं नाही, त्यामुळे सगळी मोजणी एकाच फोनवर करा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मोजून वहीत लिहा. कॉमर्सवाल्याला ही सवय सुटत नाही, पण झाडालाही उजेडाची दिवसभराची बेरीजच लागते.

आमच्याकडची कुंडी टीव्हीशेजारी, खिडकीपासून आठ फुटांवर होती. आकडा आला 350. पूर्वेच्या खिडकीत ठेवल्यावर सकाळी 11 हजार! पुढच्या थंडीत दांडा आला.

फोन नको असेल तर पानापासून फूटभर वर हात धरा. सावली रेखीव पडली तर उजेड कडक, कडा पुसट असतील तर फॅलेनॉप्सिसला योग्य, सावलीच दिसली नाही तर कमी. पानंही सांगतात : गडद हिरवी म्हणजे उपाशी, पोपटी म्हणजे ठीक, लालसर किंवा पिवळट म्हणजे ऊन जास्त.

दक्षिणेची खिडकी उत्तम, असं परदेशी पुस्तकं सांगतात. आपल्याकडे मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडेच असतो. दक्षिणेला ऊन येतं ते थंडीत. तेव्हा तिथे जाळीचा पडदा लावा. पावसाळ्यात ढगांमुळे आकडा निम्म्याच्याही खाली येतो, म्हणून जूनमध्ये पुन्हा मोजा आणि कुंडी काचेजवळ सरकवा.

गुलाबी-जांभळ्या ग्रो लाइटखाली मात्र लक्सवर विसंबू नका. हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनलंय. झाडाला उपयोगी असलेला लाल-निळा उजेड त्यात कमीच दिसतो.