जुन्या ८ मिमी फिल्मचा व्हिडिओ घरच्या घरी कसा करायचा?

घरात सिने फिल्मची जुनी रिळं असतील तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या. घरगुती ८ मिमी फिल्म बहुतेक वेळा रिव्हर्सल प्रकारची असते. म्हणजे कॅमेऱ्यातली पट्टीच धुऊन प्रोजेक्टरवर लावली जाते, वेगळी निगेटिव्ह नसते. ती फाटली की त्यातलं लग्न, बारसं सगळं गेलं. म्हणून मी प्रत्येक रीळ जपूनच चालवतो.

आधी तपासणी

डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, फिल्म आकसलेली किंवा ठिसूळ वाटली, तर प्रोजेक्टरवर लावू नका. ती स्कॅनिंग करणाऱ्यांकडेच द्या. मग प्रकार ओळखा: रेग्युलर ८ ची छिद्रं मोठी, १९६५ मध्ये आलेल्या सुपर ८ ची लहान. प्रोजेक्टर त्याच प्रकारचा हवा. फिल्म जिथून सरकते ते गेट मऊ ब्रशने साफ करा आणि आधी एखादं बिनमहत्त्वाचं रीळ चालवून बघा.

मांडणी

खोलीत पूर्ण अंधार करा. पडद्याऐवजी मी भिंतीवर पांढरा, चमक नसलेला कागद लावतो. चित्र साधारण ए४ कागदाएवढंच ठेवतो, म्हणजे उजेड भरपूर मिळतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, प्रोजेक्टरच्या लेन्सला अगदी लागून ठेवा. तो जितका बाजूला जाईल तितकं चित्र तिरकं दिसेल.

व्हिडिओ लुकलुकतो, कारण...

रेग्युलर ८ साधारणपणे सेकंदाला १६ आणि सुपर ८ सेकंदाला १८ फ्रेम्सने चालते. तीन पात्यांचं शटर प्रत्येक फ्रेम तीनदा दाखवतं. म्हणजे १८ च्या वेगाला सेकंदाला ५४ वेळा उजेड पडतो. कॅमेऱ्याचा हिशेब त्याच्याशी जुळला नाही की चित्र लुकलुकतं.

उपाय सोपा आहे. कॅमेरा २५ फ्रेम्स आणि शटर १/५० वर लावा. मग प्रोजेक्टरचा वेग हळूहळू बदलत १६.६७ फ्रेम्सच्या आसपास आणा. १६.६७ गुणिले ३ म्हणजे ५०! स्क्रीनवर लुकलुकणं थांबलं की वेग बरोबर. सुपर ८ यामुळे किंचित संथ दिसते. एडिटिंगमध्ये वेग ८ टक्के वाढवा, झालं काम. मोबाईल वापरत असाल तर ज्यात शटर हाताने ठरवता येतं असं ॲप घ्या.

फोकस, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल ठेवा. नाहीतर प्रत्येक दृश्याला कॅमेरा स्वतःच बदल करत बसतो.

चालवताना

सुपर ८ चं ५० फुटांचं रीळ १८ च्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद चालतं. तेवढा वेळ प्रोजेक्टरजवळच थांबा. फिल्म अडकली तर आधी दिवा बंद करा, कारण थांबलेली फ्रेम उष्णतेने जळू शकते.

आणि व्हिडिओ झाला म्हणून रिळं रद्दीत टाकू नका. थंड, कोरड्या जागी जपून ठेवा. पुढे चांगलं स्कॅनिंग करून घ्यायचं ठरवलंत, तर मूळ फिल्मच लागेल.