गरुडाच्या चोचीतून सुटलेला वंश

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की आक्षी लागतं. इथल्या शिलालेखातला केसिदेवराय स्वतःला ‘कोकण चक्रवर्ती’ आणि ‘पश्चिम समुद्राधिपती’ म्हणवतो. लेखाचा शक 934, म्हणजे इ.स. 1012, असा वाचला गेला आणि आद्य मराठी शिलालेखाच्या वादात आक्षीचं नाव श्रवणबेळगोळच्या लेखाआधी घेतलं जाऊ लागलं. राजा उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी.

पण हे शिलाहार कोण? त्यांच्या ताम्रपटांना विचारलं तर उत्तर थेट विद्याधरलोकातून येतं. जीमूतकेतूचा मुलगा जीमूतवाहन हा त्यांचा मूळपुरुष. एका नागाचा जीव वाचवायला तो स्वतः शिळेवर जाऊन पडला आणि गरुडाचं भक्ष्य व्हायला तयार झाला. शिळेवरचा आहार म्हणून शिलाहार! व्युत्पत्ती नंतर बेतलेली वाटते, पण घराण्याने ती जिवापाड जपली. ध्वजावर सोन्याचा गरुड, आणि बिरुदात तगरपूर, म्हणजे धाराशिवकडचं तेर. राज्य समुद्रकाठी, मिरास घाटावरची, पूर्वज आकाशातले.

राजांना असे पूर्वज लागतातच. इराकच्या दक्षिणेत, सुमेरमध्ये, राजांची एक यादी मातीच्या इष्टिकेवर लिहिली गेली. तिची सर्वांत पूर्ण प्रत ऑक्सफर्डच्या अश्मोलियन संग्रहालयात आहे. राजपद स्वर्गातून उतरलं ते एरिदू नगरात, आणि पहिल्या आलुलिम राजाने राज्य केलं तब्बल 28,800 वर्षं. मग महापूर. पुराआधीचे आठ राजे मिळून 2,41,200 वर्षं! नंतरच्या राजांच्या कारकिर्दी जरा माणसांत येतात. गिल्गमेशच्या वाट्याला 126 वर्षंच आली.

गंमत म्हणजे याच यादीत किश नगरच्या एन्मेबारागेसीला 900 वर्षं दिली आहेत आणि त्याच्या नावाचे दगडी भांड्यांचे तुकडे खरोखर सापडले. वर्षं खोटी, राजा खरा.

शिलाहारांच्या बाबतीत राजा खरा असल्याची ही साक्ष एका पाहुण्याने दिली, आणि तोही नेमका इराकच्याच मुलखातला. बगदादचा अल्-मसूदी हिजरी 304 मध्ये (इ.स. 916-17) रेवदंड्याजवळच्या चौलला आला. त्याच्या अरबी लिहिण्यात चौल ‘सैमूर’ झालं आणि तिथला राजा ‘जंज’. हा शिलाहार झंझ. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून येऊन स्थायिक झालेले सुमारे दहा हजार मुसलमान त्याने या बंदरात नोंदवले. झंझाने शंकराची बारा देवळं बांधली असं पुढच्या ताम्रपटांत येतं. मसूदीला मात्र ना गरुड दिसला ना जीमूतवाहन. त्याला दिसलं ते भरलेलं बंदर.

आणखी एक साम्य दगडातलं. कोकणात दानाच्या शिळेवर माथ्याला चंद्र-सूर्य असतात, खाली गधेगाळ: दान मोडणाऱ्याच्या आईची गाढवाकडून विटंबना दाखवणारं अभद्र चित्र. सुमेरनंतर त्याच भूमीत बाबिलोनी लोक जमिनीच्या दानाचे दगड करत, तेव्हा माथ्यावर सूर्य, चंद्रकोर आणि शुक्र, आणि लेखात दान मोडणाऱ्याला देवांचे शाप. गाढव तेवढं आपलं.

शेवटचा शिलाहार सोमेश्वर. इ.स. 1265 च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाने त्याला पार समुद्रापर्यंत रेटलं आणि पश्चिम समुद्राधिपतींचा हा वारस समुद्रातच बुडाला. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांची झुंज कोरली आहे. ती याच लढाईची, असा एक तर्क आहे.