जुना ट्रक आणि कसाऱ्याचा घाट

मंडळी, नाशिकच्या द्राक्षांवर आणि कांद्यावर पुष्कळ लिहून झालंय. तो कांदा ज्या ट्रकांतून मुंबईला गेला, त्यांच्यावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. त्यातही जुने, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचे ट्रक!

१९४५ नंतर लष्करानं युद्धातले फोर्ड, शेवरले, डॉज विकायला काढले. पेट्रोलवर चालणारे, कित्येकांचं स्टिअरिंग डावीकडे. पुढे १९५४ साली टेल्कोनं जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक काढला. करार पंधरा वर्षांचा. १९६९ मध्ये तो संपला, आणि ट्रकच्या नाकावरचा तारा जाऊन 'टी' आला. नव्या गाडीसाठी नंबर लावून थांबावं लागे, शिवाय परमिटचं त्रांगडं. नॅशनल परमिट आलं १९७५ ला. म्हणून गरजू माणूस जुन्या गाडीकडे वळे.

आमच्या दाजींनी १९७४ मध्ये असाच एक ट्रक पाहिला. ताईच्या पाटल्या गहाण टाकायचं ठरलं होतं, विसार म्हणून पाचशे रुपये देऊनही झाले होते. (तेव्हा मास्तरचा पगार किती असे, ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे.) ट्रायलला मी, दाजी आणि एक म्हातारे मिस्त्री.

मिस्त्रींनी आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम! "गाडी तापवून ठेवलीय. गार होऊ द्या." दीड-दोन तास चहा पीत बसलो. गार इंजिन सुरू करताना खरी परीक्षा होते. निळा धूर आला तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा-पिस्टन गेले. मग त्यांनी गिअरबॉक्सचं ऑइल बोटावर घेऊन चोळलं. आवाज दाबायला काही लोक त्यात लाकडाचा भुसा टाकत. इथे भुसा नव्हता.

"आता वाळू भरा," मिस्त्री म्हणाले. रिकाम्या गाडीत दोष लपतात, असं त्यांचं म्हणणं. मालक कुरकुरला, पण भरली.

इगतपुरीपर्यंत गाडी झकास. दाजी खुशीत! घाट उतरताना मिस्त्रींनी दुसरा गिअर टाकला. जो गिअर चढायला लागतो त्यातच उतरायचं, म्हणजे निम्मा भार इंजिन पेलतं आणि ब्रेक तापत नाहीत. पहिल्याच वळणाआधी गिअर आपोआप सटकला आणि गाडी मोकळी सुटली. मिस्त्रींनी ब्रेकवर उभं राहून ती डोंगराच्या बाजूला दाबली. कुणी काही बोललं नाही.

वर येताना इंजिनाच्या ऑइलचं झाकण उघडलं, तर भकाभका वाफारा.

सौदा मोडला. विसार बुडाला. ताई एवढंच म्हणाली, "पाटल्या आहेत ना?" दाजी मात्र आठवडाभर धड जेवले नाहीत. दोन महिन्यांनी दुसरा ट्रक मिळाला, तोही वाळू भरून घाटात नेऊनच घेतला.

आता भाचा गाड्या घेतो. आधी आरसी बुकावर कर्जाचा बोजा आहे का बघतो, फायनान्सचं ना-हरकत पत्र मागतो, मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्यात जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. बऱ्याच गाड्यांना आता जुना घाट नकोसा वाटतो. भाचा ट्रायलला तिथेच जातो, आणि वाळूचे पैसे मालकाकडूनच घेतो!