१४. लाल गोंड्याचे माळी

नीसजवळच्या काप फेरा या भूशिरावरील व्हिला एफ्रुसीच्या बागेतले. रॉथशिल्ड घराण्यातल्या बेआत्रिस एफ्रुसी (१८६४–१९३४) यांनी १९०५ साली ही जागा घेतली. घर १९१२ पर्यंत पुरे झाले. दोन्ही अंगांना समुद्र, म्हणून मधली फ्रेंच धर्तीची आखीव बाग (लांबट हौद, कारंजी, टोकाला व्हर्सायच्या प्रीतिमंदिराची नक्कल) जहाजाच्या डेकसारखी दिसावी, ही बाईंची हौस. तेवढ्यावर न भागून माळ्यांच्या डोक्यावरही लाल गोंड्याच्या खलाशी टोप्या चढवल्या! हा थाट बाईंच्या काळातला. त्यांच्या पश्चात वास्तू व बाग मृत्युपत्रानुसार फ्रान्सच्या ललितकला अकादमीकडे गेली.